औषध नेमके कोठे पोहोचावे?

मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांच्या प्रत्यारोपणाची वार्ता वृत्तपत्रांत येते, तेव्हा शस्त्रक्रियेला किती तास लागले, अवयव कोणत्या शहरातून कोणत्या शहरात किती वेगाने नेण्यात आला, रस्ते कसे मोकळे ठेवण्यात आले, याचे वर्णन त्यात असते. शल्यविशारदांच्या कौशल्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. रुग्ण चालत घरी गेला की वार्ता संपते. रुग्णाची कसोटी मात्र तेथूनच सुरू होते. त्या दिवसापासून आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्याला ठरावीक वेळी, ठरावीक मात्रेत औषध घ्यावे लागते. चार दिवस खंड पडला, तरी दुसऱ्याने दिलेला अवयव त्याचेच शरीर नष्ट करण्याच्या मार्गाला लागू शकते. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, पण प्रत्यारोपण रोज सकाळ-संध्याकाळ नव्याने करावे लागते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरीसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिले म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. पैंजण, जोडवी, वाळे, करदोडे घडविणारे हात येथे आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर आहेत. चांदी आटविणे, तार ओढणे, कड्या जुळविणे, झाळणे, उजळणे अशी कामे वाटली गेलेली असून एका पैंजणावर अनेकांचे हात फिरतात. अशा गावात एखाद्या कारागिराचे मूत्रपिंड निकामी झाले, तर आठवड्यातून दोन-तीन दिवस रक्तशुद्धीकरणासाठी जाण्यात त्याचा कामधंदा बुडतो. आई किंवा पत्नी आपले मूत्रपिंड देते, घरातील होते-नव्हते ते विकले जाते आणि शस्त्रक्रिया पार पडते. त्यानंतर दरमहा औषधांचा खर्च आणि वेळोवेळी रक्ततपासणीसाठी मोठ्या शहराचा प्रवास सुरू होतो. त्याला महिन्याला नेमके वेतन नसते. बाजारात मागणी असेल तेव्हा काम आणि काम असेल तेव्हा पैसा. औषधाला मात्र मंदी ठाऊक नसते.

शरीर परका अवयव का नाकारते, हे कोडे उलगडण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर परक्या त्वचेचे कलम टिकत नाही, या अनुभवातून पीटर मेदावार यांनी आपले संशोधन सुरू केले. हा अस्वीकार म्हणजे जखमेचा दोष नसून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने बुद्धिपुरस्सर केल्यासारखे कृत्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांना आणि मॅकफार्लेन बर्नेट यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण यशस्वी झाले, याचे कारण दाता आणि रुग्ण हे एकरूप जुळे भाऊ होते. शरीराला तो अवयव परका वाटलाच नाही. परंतु असे जुळे भाऊ कितीजणांना असणार? भारतात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला. त्याच रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपणाचे धाडस केले. ते दोन्ही रुग्ण फार काळ जगले नाहीत. देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण वेल्लोर येथे १९७१ साली झाले. या साऱ्या काळात शल्यविद्या पुढे गेलेली होती आणि औषध मागे होते, असेच चित्र दिसते.

हे अंतर भरून काढणारी औषधे मातीतून आली, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक नवलाचा भाग आहे. नॉर्वेच्या पठारावरील मातीत सापडलेल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरीन मिळाले. रॉय काल्न यांनी १९७८ साली ते प्रथम रुग्णांना दिले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जंतूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस हाती आले. ईस्टर बेटावरील मातीतून निघालेल्या रापामायसिनचा शोध लावण्यात आणि त्याचा पाठपुरावा करण्यात भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांचा मोठा वाटा होता. या औषधांनी प्रत्यारोपण हे प्रयोगाच्या कक्षेतून नित्य उपचाराच्या कक्षेत आणले. आज जगात लक्षावधी माणसे त्यांच्या बळावर जगत आहेत.

परंतु या औषधांत एक मूलभूत उणीव आहे. प्रत्यारोपित अवयव एका ठिकाणी असतो, गोळी मात्र साऱ्या शरीरभर पसरते. एका दारावरील पहारेकऱ्याला शांत करण्यासाठी गावातील सगळ्याच पहारेकऱ्यांना झोपविण्यासारखा हा प्रकार आहे. मग गावात चोर शिरले, तर त्यांना हटकणारे कोणी उरत नाही. क्षयरोग, विषाणुजन्य आजार, बुरशीचे संसर्ग आणि काही प्रकारचे कर्करोग या रुग्णांना इतरांपेक्षा अधिक होतात. टॅक्रोलिमसमुळे काहींना मधुमेह जडतो. सायक्लोस्पोरीन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे मूत्रपिंडालाच अपाय करू शकतात, हा तर दैवाचा उपहासच म्हणावयाचा. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदय, यकृत, फुप्फुस आदी अवयवांच्या प्रत्यारोपणानंतर सुमारे साडेसोळा टक्के रुग्णांची मूत्रपिंडे कालांतराने निकामी होऊ लागल्याचे आढळले. त्यात अन्य कारणांचाही भाग होता; तथापि औषधांचा वाटा नाकारता येत नाही. एक अवयव वाचविण्यासाठी दुसरा गहाण ठेवावा, असा हा व्यवहार आहे.

याच कारणास्तव गेल्या काही दशकांत संशोधकांचे लक्ष ‘कोणते औषध’ या प्रश्नाबरोबरच ‘औषध कसे आणि कोठे पोहोचवावे’ या प्रश्नाकडे वळले आहे. त्यातील पहिली पायरी पोटातील होती. सायक्लोस्पोरीनचे आरंभीचे औषध तेलात विरघळविलेले असे. ते आतड्यातून किती शोषले जाईल, हे पित्तावर, जेवणावर आणि प्रत्येकाच्या प्रकृतीवर अवलंबून राही. एकाच मात्रेने एकाच्या रक्तात ते कमी पडे, तर दुसऱ्याच्या रक्तात अधिक होई. १९९० नंतरच्या दशकात ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात मिळू लागले आणि शोषणातील हा लहरीपणा पुष्कळ कमी झाला. पुढे टॅक्रोलिमसच्या दिवसातून एकदाच घ्यावयाच्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या. बेलाटासेप्ट हे २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध तर शिरेवाटे चार आठवड्यांनी एकदा देता येते. वरवर पाहता या सुधारणा लहान वाटतात. परंतु औषध घेण्यातील खंड आणि अवयवाचा नाश यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचा जो आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यात निकामी झालेल्या प्रत्यारोपित मूत्रपिंडांपैकी सुमारे ३६ टक्क्यांच्या बाबतीत आधी औषधात खंड पडलेला होता, असे दिसून आले. दिवसातून एक वेळ कमी करणे म्हणजे विसरण्याची एक संधी कमी करणे होय.

दुसरी पायरी अधिक मूलगामी आहे. औषध शरीरभर न पसरविता ते कलमापाशीच ठेवावे, ही ती कल्पना होय. ही कल्पना अगदीच नवी आहे असे नाही. डोळ्याच्या पारदर्शक पटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९०५ साली एदुआर्द झिर्म यांनी केले. आज नेत्रदानातून मिळालेले पटल बसविल्यावर अस्वीकार टाळण्यासाठी बहुधा स्टेरॉइडचे थेंब डोळ्यातच घालतात. साऱ्या देहाला औषध पाजण्याची गरज सहसा पडत नाही. फुप्फुसाच्या प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरीन श्वासावाटे देण्याचा प्रयोग अमेरिकेत झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत रुग्णांचे आयुर्मान वाढल्याचे दिसले, पण तीव्र अस्वीकाराचे प्रमाण घटले नाही, आणि त्या उपचाराला मान्यता मिळू शकली नाही. आशा आणि निराशा यांचे असे मिश्रण या क्षेत्रात पदोपदी आढळते.

या संदर्भात भारतातील एका संशोधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. बंगळुरूच्या ‘इनस्टेम’ या शासकीय संशोधन संस्थेतील डॉ. प्रवीणकुमार वेमुला, बोस्टनचे जेफ्री कार्प आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधक यांनी मिळून २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. खाद्यपदार्थांत वापरल्या जाणाऱ्या एका मेदजन्य द्रव्यापासून त्यांनी मऊ, जेलीसारखा पदार्थ तयार केला आणि त्यात टॅक्रोलिमस साठविले. उंदरांच्या पायाचे प्रत्यारोपण करून ही जेली त्या पायात एकदाच टोचली. अस्वीकार सुरू झाला की त्या जागी दाह होतो आणि दाहाबरोबर काही विकरे स्रवतात. ती विकरे जेलीचे विघटन करतात आणि आतील औषध तेवढ्यापुरते बाहेर येते. दाह शमला की औषधाचे झिरपणेही मंदावते. रोगच औषधाच्या कोठाराची किल्ली फिरवितो, असे या योजनेचे मर्म आहे. कोणताही उपचार न केलेल्या प्राण्यांत कलम सुमारे अकरा दिवस टिकले, जेलीविना टोचलेल्या त्याच औषधाने सुमारे तेहतीस दिवस आणि जेलीतील एका मात्रेने शंभर दिवसांहून अधिक. २०१९ साली डुकरांवरील प्रयोगाचेही आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हुपरीच्या कारागिराला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज भासणार नाही. पैंजणाची कडी झाळताना तो साऱ्या दागिन्याला जाळावर धरीत नाही. ज्योतीचे टोक नेमके सांध्यावर रोखतो आणि झाळ वितळताच ज्योत बाजूला घेतो. सगळीकडे सारखा ताव लागला, तर सांधा जुळण्याआधी नक्षीच वितळून जाईल. आजवरचे प्रतिकारशामक उपचार साऱ्या दागिन्याला ताव देणारे आहेत. नव्या संशोधनाला ज्योत सांध्यावर आणावयाची आहे.

तथापि उत्साहाच्या भरात मर्यादांचा विसर पडता कामा नये. उंदराच्या पायात जे घडते, ते माणसाच्या मूत्रपिंडात घडेलच, असे नाही. हात किंवा त्वचा ही बाहेरून दिसते. तेथे सुई टोचता येते, लाली दिसली तर मलम लावता येते. मूत्रपिंड किंवा हृदय शरीराच्या आत आहे. शिवाय अस्वीकाराचे कारस्थान केवळ कलमापाशी शिजत नाही. कलमातील पेशी लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचतात, तेथे प्रतिकारपेशींना चिथावणी मिळते आणि मग हल्ला होतो. म्हणून काही संशोधक औषधाचे अतिसूक्ष्म कण थेट लसिकाग्रंथींत पोहोचविण्याच्या, तर काही अवयव दात्याच्या शरीरातून काढल्यानंतर यंत्रावर ठेवून त्यातच औषध भिनविण्याच्या खटपटीत आहेत. स्थानिक औषधाने पोटातील गोळी आज ना उद्या पूर्ण सुटेल, असे आश्वासन कोणीही देऊ नये. ती कमी होईल, तिचा अपाय घटेल, ही आशा मात्र वाजवी आहे. बंगळुरूची जेली अजून रुग्णांच्या नित्य उपचारात आलेली नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

या विलंबाची किंमत हस्तप्रत्यारोपणात विशेष जाणवते. जगातील पहिले आधुनिक हस्तप्रत्यारोपण फ्रान्समधील लियॉं येथे १९९८ साली झाले. त्या रुग्णाने पुढे औषधे सोडली आणि २००१ साली तो हात काढून टाकावा लागला. भारतात कोचीच्या अमृता रुग्णालयात २०१५ साली अशी पहिली शस्त्रक्रिया झाली. २०२० साली मुंबईत परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीला चेन्नईहून विमानाने आणलेले हात जोडले. त्वचा हा शरीराचा सर्वांत अधिक नाकारला जाणारा भाग असल्यामुळे हाताच्या प्रत्यारोपणानंतर पहिल्याच वर्षात सुमारे ८५ टक्के रुग्णांना अस्वीकाराचा एक तरी झटका येतो, असे आंतरराष्ट्रीय नोंदी सांगतात. औषधाने तो बहुधा आवरता येतो. परंतु हात नसताना माणूस जगू शकतो, आणि हातासाठी त्याने आयुष्यभर संसर्गाचा व कर्करोगाचा धोका पत्करावा काय, हा प्रश्न वैद्यकाला सतावतो. ज्या गावाची भाकरी बोटांच्या टोकांवर अवलंबून आहे, तेथे या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातील उत्तराहून निराळे येईल. औषध हातापुरतेच ठेवता आले, तर तो प्रश्नच पुष्कळसा सौम्य होईल.

येथवरचा विचार शरीरात औषध पोहोचविण्याचा झाला. त्याआधीची एक मजल आहे आणि तिच्याकडे प्रयोगशाळेचे लक्ष जाणार नाही. ती म्हणजे औषध रुग्णाच्या घरी पोहोचविण्याची. अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरीन, टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी साहाय्य करण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमातही आहे. कागदावर हे सारे स्तुत्य आहे. परंतु शस्त्रक्रियेची मदत एकदा मिळते आणि औषधाची गरज जन्मभराची असते. शासनाने शस्त्रक्रियेचा खर्च सोसावा आणि पुढील औषधांअभावी अवयव वाया जावा, हा हिशेब कोणत्याही दृष्टीने आतबट्ट्याचाच होय. रुग्ण पुन्हा रक्तशुद्धीकरण यंत्रावर जातो आणि तो खर्चही अखेर समाजावरच येतो. शिवाय या देशात मूत्रपिंड देणाऱ्या जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. एका आईने आपल्या देहातून काढून दिलेली वस्तू काही गोळ्यांच्या अभावी नासावी, याहून अधिक लज्जास्पद उधळपट्टी कोणती?

येथे काय करता येईल, हे सांगणे कठीण नाही. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य शासकीय रुग्णालयात ही औषधे प्रत्यारोपित रुग्णांना अखंड आणि विनामूल्य किंवा नाममात्र दरात मिळण्याची हमी असली पाहिजे. हमी याचा अर्थ साठा संपल्याची पाटी एकही दिवस लागता कामा नये. दुसरी गोष्ट, या औषधांच्या बाबतीत दर वेळी स्वस्तात स्वस्त निविदेप्रमाणे उत्पादक बदलणे धोक्याचे आहे. परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर येथे फार थोडे असते. म्हणून उत्पादक बदलला तर रक्तातील प्रमाण पुन्हा तपासण्याची सोय त्याच वेळी हवी. तिसरी गोष्ट तपासणीची. औषधाचे प्रमाण पाहण्यासाठी प्रत्येक वेळी मोठ्या शहराची वाट धरण्याचे कारण नाही. बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा थेंब विशिष्ट कागदावर वाळवून टपालाने प्रयोगशाळेत पाठविण्याची पद्धत शास्त्राने सिद्ध केलेली आहे. हुपरीच्या टपाल कार्यालयातून चांदीच्या व्यापाराची पत्रे देशभर गेली. त्याच वाटेने हा थेंबही जाऊ शकतो.

चौथी गोष्ट शिक्षणाची असून तिला पैसाही फारसा लागत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन घेतल्यास टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने खाली येते. उलट, बुरशीवरील काही औषधांनी आणि पपनसाच्या जातीतील ग्रेपफ्रूटसारख्या फळाने ते वाढते. रुग्णाला ताप आला आणि गावातील डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला हे ठाऊक नसले, तर सद्हेतूने दिलेली गोळीही अवयवाचा घात करू शकते. असे रुग्ण कोणत्या गावात किती आहेत, त्यांची औषधे कोणती आहेत, याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असणे एवढे तरी अशक्य नसावे. शाळेतील शिक्षक आणि कार्यालयातील सहकारी यांनाही हे ठाऊक असावे, कारण अशा विद्यार्थ्याला किंवा लिपिकाला गोळीच्या वेळी दोन मिनिटे मोकळी देणे ही मेहेरबानी नसून उपचाराचा भाग आहे.

पाचवी अपेक्षा संशोधनाबद्दलची आहे. ज्या कामात या देशातील शासकीय संस्थेचा, म्हणजे करदात्याचा वाटा आहे, ते माणसांवरील चाचण्यांपर्यंत नेण्यासाठी लागणारा पैसा आणि धीर शासनाने दाखविला पाहिजे. खाजगी कंपन्यांना रोज घ्यावयाच्या गोळीत जेवढा रस असतो, तेवढा वर्षातून एक-दोनदा टोचावयाच्या औषधात असेलच, असे नाही. म्हणून हा भार सार्वजनिक संस्थांनी उचलणे क्रमप्राप्त आहे. आणि उद्या अशी जेली सिद्ध झालीच, तर तिचा दर कोचीच्या वा परळच्या रुग्णालयात परवडतो की नाही, एवढ्यावर विचार थांबू नये. तो यळगूड-रेंदाळच्या मजुरालाही परवडला पाहिजे, ही अट आजच घालून ठेवावी.

शरीरशास्त्राच्या भाषेत अस्वीकार म्हणजे शरीराने परक्याला ओळखून दूर लोटणे. समाजाचाही एक अस्वीकार असतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी ज्याचे छायाचित्र छापले, तोच रुग्ण दोन वर्षांनी औषधाच्या दुकानापुढे पैसे मोजीत उभा राहिला, की त्याची दखल कोणी घेत नाही. पहिल्या अस्वीकारावर शास्त्रज्ञ औषध शोधीत आहेत आणि त्यांना अजून काही वर्षे लागतील. दुसऱ्यावरील उपाय आजच उपलब्ध आहेत. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागणार नाही. औषध कलमापर्यंत पोहोचविण्याचे काम विज्ञानाचे, पण ते रुग्णाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम राज्यकर्त्यांचे आणि समाजाचे आहे. या दोहोंपैकी एकही वाट अडली, तर अवयव देणाऱ्याचे दान व्यर्थ जाते.